उजव्या बाजूचं दार

मी टाइम ऑफिसात काम करते. कारखान्याच्या गेटला लागून काचेची एक खोली असते, तिच्या बाहेर पंचिंग मशिन असतं आणि आत बसलेल्या बाईला कामगार मनातल्या मनात शिव्या घालत असतात. ती बाई मी. निघोज्यातल्या आमच्या कंपनीत एकोणीस वर्षं मी लोकांना लेट मार्क लावते आहे. साडेआठची वेळ, वर दहा मिनिटांची सवलत, त्यापुढे आलेला माणूस लेट. मग त्याची गाडी पंक्चर झालेली असो, नाहीतर पोराला ताप आलेला असो. दर शनिवारी लेट आलेल्यांची यादी मी बोर्डावर लावते, खाली माझी सही असते. एकदा एका फिटरनं खवचटपणे विचारलं होतं, "मॅडम, तुम्हाला कधी ट्रॅफिक लागत नाही का?" मी म्हणाले होते, "लागायच्या आत मी घरातून निघते." हे उत्तर मला इतकं आवडलं, की घरी जाऊन मी ते दोनदा ऐकवलं.

एकोणीस वर्षांत त्या यादीत माझं नाव कधी आलं नव्हतं, आणि त्याचा मला माज होता. चांगला खाऊनपिऊन पोसलेला माज. त्याची किंमत मोजली एका ड्रायव्हरनं, ज्याच्या गाडीत मी आयुष्यात एकदाच, तासभर बसले होते.

त्या दिवशी पोळ्या लाटता लाटता सिलिंडर संपलं. भरलेलं सिलिंडर ओढून आणून रेग्युलेटर बसवेपर्यंत रहाटणीच्या चौकातून कंपनीची बस निघून गेली. मी ॲपवर गाडी बोलावली. गाडी लगेच आली, धुऊनपुसून लख्ख. ड्रायव्हर तिशीतला, बोलण्यावरून मराठवाड्यातला. "बसा ताई, ओटीपी सांगा," म्हणाला. मी ओटीपीच्या आधी त्याला हातातलं घड्याळ दाखवलं आणि म्हणाले, "आठ-चाळीसच्या आत मला गेटवर पोचायचंय. गप्पा नकोत."

तो बिचारा गप्प बसला. तळवड्याच्या अलीकडे मात्र त्याला तोंड उघडावंच लागलं. गाडीतला सीएनजी तळाला गेला होता आणि भरल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं. पंपावर सात-आठ गाड्यांची रांग होती. रांग जसजशी पुढे सरकेना, तसतसं माझं डोकं तापत गेलं. आमचा नंबर आला तेव्हा पंपावरच्या माणसानं नियमाप्रमाणे प्रवाशांना खाली उतरायला सांगितलं. माझ्या डाव्या हाताला लोखंडी कठडा होता, म्हणून मी उजवीकडे सरकले आणि दाराचा खटका ओढला. दार उघडेना. पुन्हा ओढला. मग मी काचेवर थापा मारायला लागले.

ड्रायव्हर धावत आला आणि त्यानं बाहेरून दार उघडलं. "सॉरी ताई. ह्या दाराला चाइल्ड लॉक लावून ठेवतो मी, आतून उघडत नाही. लोक मागं बघत नाहीत अन् दार उघडतेत. मागून दुचाकीवाला येतो."

"काढा ते," मी म्हणाले.

"पोचल्यावर डावीकडून उतरा ना ताई. सेफ्टीसाठी असतंय."

"आमचं गेट उजव्या हाताला आहे. आणि मी काय लहान मूल आहे का?" हे मी इतक्या मोठ्यानं बोलले, की पंपावरची चार माणसं वळून बघायला लागली.

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. दाराच्या कडेला जो बारीकसा खटका असतो, तो किल्लीनं वर सरकवला. "घ्या ताई," म्हणाला. आवाजात राग नव्हता. रेटिंगवर पोट असलेली माणसं राग गिळायला शिकतात, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला वाटलं, पटलं त्याला.

आमच्या गेटसमोरच्या रस्त्यावर सकाळी ट्रेलर, कंटेनर, टेम्पो आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या दुचाक्या असतात. आपण डाव्या अंगाला, गेट पलीकडे, आणि वळायची जागा पार पुढे. त्यामुळे ट्रॅफिक तुंबलं की आमच्याकडचे सगळे, अगदी मॅनेजरसुद्धा, मधेच उजवीकडून उतरतात आणि दोन ट्रकांमधून रस्ता ओलांडतात. सुरक्षेचे बोर्ड गेटच्या आत लावलेत, बाहेर कशाला पाळायचे? त्या दिवशीही सगळं जागच्या जागी उभं होतं. घड्याळात आठ सदतीस झाले होते. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, दोनच मिनिटं थांबा, साइडला घेतो." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी दार उघडलं होतं.

आवाज फार मोठा झाला नाही. पत्र्यावर काहीतरी आपटलं, दाराला हिसका बसून माझ्या हातातल्या दोन बांगड्या फुटल्या, आणि एक स्कूटर घसरत पुढच्या टेम्पोच्या चाकापर्यंत गेली. रस्त्यावर पन्नाशीचा एक माणूस उजव्या हातावर पडला होता. तो मिस्त्री आहे, जवळच त्याचं दुचाकी दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे आणि ते उघडायलाच तो निघाला होता, हे सगळं मागाहून कळलं. तेव्हा मला फक्त त्याचं मनगट दिसलं. जिथे वळू नये तिथे ते वळलं होतं.

ड्रायव्हर माझ्याआधी त्याच्यापाशी पोचला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि गाड्या थांबवायला हात करून ओरडायला लागला. मी म्हणाले, "कंपनीची ॲम्ब्युलन्स आणते," आणि रस्ता ओलांडून पळाले. हे खरं आहे, ॲम्ब्युलन्स मीच आणली. पण गेटमधून आत शिरताना वाटेत ते मशिन होतं, आणि मी त्याच्यावर बोट ठेवलं. आठ-चाळीस. हिरवा दिवा लागला आणि देवाशपथ सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. मग मी सिक्युरिटीला हाक मारली.

पोलिस चौकीत माझा धाकटा दीर आला. आमच्या घरची जमीन गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या, आणि दिराचा वेळ आता लोकांची कामं करून देण्यात जातो. चौकी म्हणा, तलाठी म्हणा, सगळीकडे त्याची उठबस. त्यानं मला बाकावर बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात टाकून माझ्यासमोरच त्याला समजावलं.

"हे बग भावा, दार कुणी उघाडलं ह्याला काय अर्थ न्हाई. गाडीला इन्शुरन्स हाय का? हाय. मग तुज्यावर घेतलं तर इन्शुरन्सवालं त्या मिस्त्रीला पैसं देत्यात. तुज्या खिशातनं काय जायाचं न्हाई. आन् वहिनीवर घेतलं तर? पॅसेंजरचा कसला आलाय इन्शुरन्स! त्या गरिबाला दमडी मिळायची न्हाई. आमी कोर्टात भांडत बसू, आन् त्यो हात गळ्यात बांदून बसंल. बरोबर का न्हाई?"

ऐकायला ते इतकं बरोबर होतं, की मीही मान डोलावली. खोटं बोलायचं होतं, पण ते जखमी माणसाच्या भल्यासाठी. माझ्या सुटकेचा त्यात कुठे उल्लेखच नव्हता, आणि तो नाही ह्याचं मला किती हायसं वाटलं होतं ते मी विसरलेले नाही.

ड्रायव्हरनं एकच गोष्ट विचारली. "माझी आयडी तर नाही ना बंद होणार? ॲपवरची? घर तिच्यावरच चालायलंय."

"न्हाई रं," दीर म्हणाला. "ह्यात आयडीचा काय संबंध?"

ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. दिराच्या शब्दावर त्याचा विश्वास बसला नव्हता, हे सरळ दिसत होतं. कंपनीत नोकरी करणाऱ्या, कागदपत्रं कळणाऱ्या बाईच्या तोंडून त्याला ते ऐकायचं होतं. मला त्या आयडीबद्दल काडीची माहिती नव्हती. मी म्हणाले, "नाही होणार."

जबाबात लिहिलं गेलं, की चालकानं वाहन रस्त्याच्या मधोमध उभं करून, मागील दारास लॉक न लावता, निष्काळजीपणानं प्रवाशास उतरू दिलं. मी ते पूर्ण वाचलं. लॉकच्या वाक्यापाशी आल्यावर पंपावर किल्लीनं वर सरकलेला तो खटका डोळ्यांसमोर आला. मग मी खाली सही केली. सही करायची मला सवय आहे.

आयडी आठवड्याच्या आत बंद झाली.

त्याचा फोन आला तेव्हा मी टेबलावर डबा उघडत होते. "ताई, ब्लॉक केलंय त्यांनी मला. पोलिस केस झाली म्हणून. ऑफिसला जाऊन आलो, तिथं कुणी बोलतच नाही. तुम्ही एकदा ॲपवर लिहिता का, ड्रायव्हरची चूक नव्हती म्हणून? पॅसेंजरचं ऐकतेत ते." मी म्हणाले, "लिहिते. आजच लिहिते." आणि खरंच मी डबा बाजूला सारून ॲप उघडलं. त्या दिवसाचा प्रवास सापडला. खाली विचारलं होतं, काय चुकलं? उत्तरं तयार होती. चालकानं गाडी वेगानं चालवली, चालक फोनवर बोलत होता, चालकाचं वागणं उद्धट होतं, गाडी अस्वच्छ होती. प्रवाशाचं चुकलं, असं उत्तर त्यांनी ठेवलेलंच नव्हतं. शेवटी 'इतर' होतं आणि त्याच्याखाली एक रिकामी चौकट. मी चौकटीत लिहिलं, "दार मी उघडलं."

तीन शब्द. ते तिथे दिसायला लागल्यावर मला दिराचं बोलणं आठवलं. त्यानं बजावलं होतं, "वहिनी, लेखी कुटं काय देऊ नका. जबाब फिरवला तर खोटा जबाब दिल्याची केस तुमच्यावर हुईल." नोकरीचं काय होईल, बोर्डावर कुठली यादी लागेल, गेटमधून येणारी-जाणारी माणसं काचेतून आत कशी बघतील, हे सगळं मला एकदम दिसलं. मी एकेक अक्षर खोडलं आणि ॲप बंद केलं. डब्यातली भाजी गार झाली होती तरी मी ती सगळी खाल्ली.

दोन दिवसांनी त्यानं विचारलं, "लिहिलं का ताई?" मी म्हणाले, "हो, लिहिलंय. बघू काय उत्तर येतं." त्यानंतर तो अधूनमधून फोन करायचा. तक्रार नाही, कटकट नाही. "काही आलं का ताई?" एवढंच. "अजून नाही," मी म्हणायचे. हे 'अजून नाही' मी किती वेळा म्हणाले ते आठवत नाही. पुढे पुढे मला स्वतःलाही असं वाटायला लागलं, की मी खरंच लिहिलंय आणि ॲपवालेच मेले उत्तर देत नाहीत.

मग विमा कंपनीतर्फे चौकशी करणारा माणूस माझ्या काचेच्या खोलीत आला. सभ्य, दमलेला, काखेत फाइल. त्यानं चहा घेतला आणि विचारलं, "मागच्या उजव्या दाराला चाइल्ड लॉक लावलेलं होतं का?" मी म्हणाले, "नव्हतं." "चालकानं थांबा वगैरे सांगितलं होतं?" मी म्हणाले, "आठवत नाही." दुसरं उत्तर खोटं होतं, पण मला पहिल्याचाच जास्त त्रास होतो, कारण ते खरं होतं. ड्रायव्हरनं शहाणपणानं केलेली एक गोष्ट मी त्याला आरडाओरडा करून मोडायला लावली, आणि मग मोडल्याचा दोष त्याच्याच नावावर लावला. चौकशीवाला म्हणाला, "थँक्यू मॅडम, तुमच्यासारखे नेमकं बोलणारे साक्षीदार कमी मिळतात."

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला. आमच्याकडे पहिल्या दिवशी गेटच्या आत सगळ्यांनी रांगेत उभं राहून शपथ घ्यायची असते. माझा आवाज खणखणीत, म्हणून माइक माझ्या हातात. मी एकेक ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी हात पुढे करून मागून म्हणायची. त्या वेळी माल घेऊन आलेल्या बाहेरच्या गाड्यांचे ड्रायव्हरही रांगेत उभे करतात. मी शपथ सांगायला लागले. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवाची काळजी घेण्याच्या ओळीपर्यंत आले आणि शेवटच्या रांगेत मला तो ड्रायव्हर दिसला. लाकडी पॅलेटच्या टेम्पोवर तो लागला होता. हात पुढे करून, माझ्या तोंडाकडे बघत, तो माझ्यामागून एकेक शब्द म्हणत होता.

माझा आवाज बसला. लोकांना वाटलं, माइक गेला. कुणीतरी वायर हलवली. मी उरलेली शपथ पुरी केली, कारण मी कामं अर्धवट टाकणारी बाई नाही, असं मला एकोणीस वर्षं वाटत आलेलं होतं.

नंतर तो गेटपास घेऊन माझ्या खिडकीशी आला. बाहेरच्या गाड्यांच्या पासवर आत येण्याची वेळ मीच टाकते. "बऱ्या आहात ना ताई?" म्हणाला. मी त्याच्या गाडीचं विचारलं. हप्ते थकले, बँकेनं नेली. केसचं विचारलं. "ती मिटली ताई. तुमचे दीर म्हणले, तारखांवर तारखा पडतील, त्यापेक्षा गुन्हा कबूल कर अन् मोकळा हो. दंड त्यांनीच भरला." हे दिरानं मला सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मग त्यानं हळूच विचारलं, "ॲपचं काही आलं का?"

"नाही," मी म्हणाले, आणि पासवर शिक्का मारला.

त्या दिवसापासून झोप म्हणून जी काय असते ती उडाली. नवरा म्हणाला, "डॉक्टरला दाखव." डॉक्टरला काय दाखवणार? मी ठरवलं, की मिस्त्रीच्या नुकसानभरपाईची तारीख येईल तेव्हा पुण्याला कोर्टात जाऊन सगळं सांगायचं. तोंडपाठ केलं. पंप, किल्ली, त्याचं "साइडला घेतो", माझं दार. तारीख लोकअदालतीत लागली. मी रजा टाकली, सकाळपासून बाकावर बसून राहिले. दुपारी तीनच्या सुमारास आतून मिस्त्री आणि त्याचा वकील बाहेर आले. तडजोड झाली होती, विमा कंपनीनं मान्य केलं होतं, सह्यासुद्धा होऊन गेल्या होत्या. माझं नाव कुणी पुकारलंच नाही.

मिस्त्री माझ्याकडे आला. हात जुळला होता, पण जरा वाकडाच. बोटं पूर्ण मिटत नव्हती. पाना धरता येत नाही, नट पिळायला भाच्याला हाक मारावी लागते, असं म्हणाला. आणि त्याच हातानं त्यानं मला नमस्कार केला. "ताई, तुमी ॲम्ब्युलन्स आणली म्हनून हात तरी ऱ्हायला. अल्ला तुमचं भलं करो."

मला ते सहन झालं नाही. मी एकदम बोलून टाकलं, "दार मी उघडलं होतं."

तो दचकला नाही. "ठाव हाय की," म्हणाला. "पडताना म्या बगितलं ना. दारावर बांगड्यांचा हात व्हता. हिरव्या बांगड्या."

"मग बोलला का नाहीत?"

"वकील म्हनला, बाईचं नाव घेतलं तर पैसं अडकत्याल. मला माज्या हाताची पडली व्हती, ताई." मग म्हणाला, "तुमच्यावर राग न्हाई. रस्त्यावर हुतं असं. पर त्यो ड्रायव्हर माजं डोकं मांडीवर घिऊन बसला व्हता, आन् म्या त्याच्यावरच बोट दावलं. त्याचं लई वाईट वाटतं."

म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत होतं. मी इतके महिने जे छातीशी धरून बसले होते ते गुपित नव्हतंच. वकील बाजूला फाइल बांधत उभा होता. मी त्याला विचारलं, मी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तर ह्यांना काहीच मिळालं नसतं ना? 'नसतं' हे उत्तर मला हवं होतं. निदान तेवढं तरी माझ्यापाशी राहू दे, असं मनात चाललं होतं.

"तसं काही नसतं हो बाई," तो मान वर न करता म्हणाला. "दार कोणीही उघडलं, तरी अपघात गाडीच्या वापरातलाच ना? ते भांडले असते, वेळ गेला असता, पण बहुतेक द्यावंच लागलं असतं त्यांना. ड्रायव्हरवर घेतलं की सोपं जातं, एवढंच."

एवढंच. बसमध्ये परत येताना मी तो शब्द घोळवत बसले. सोपं जावं म्हणून आम्ही एका माणसाचं पोट काढून घेतलं होतं, आणि त्यातही सगळ्यात सोपं माझं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका कोऱ्या कागदावर मी सगळं लिहिलं. पंपावर मी कशी ओरडले, लॉक मी कसं काढायला लावलं, तो थांबा म्हणत असताना दार कसं उघडलं. मिस्त्री रस्त्यावर पडलेला असताना मी मशिनवर बोट ठेवलं, तेही लिहिलं. ते कुणालाच माहीत नव्हतं, लिहिलं नसतं तरी चाललं असतं. खाली तारीख, सही, पूर्ण नाव.

टेम्पो आला तेव्हा ड्रायव्हरनं पास पुढे केला आणि मी पासच्या जागी त्याच्या हातात कागद दिला. इंजिन चालूच होतं. त्यानं टेम्पोला टेकून सावकाश, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचलं. बोटाच्या ओळीपाशी थांबला, मशिनकडे बघितलं, पुन्हा वाचायला लागला.

"अक्षर चांगलंय ताई तुमचं," तो म्हणाला. मग कागदाची घडी घातली. "पण हे आता दाखवू कुणाला? कोर्टात मीच कबूल केलंय ना."

त्यानं घडी खिशात ठेवली, टेम्पोत चढायला वळला, आणि काहीतरी आठवल्यासारखा थांबला. "तुम्ही ॲपवर लिहिलं होतं तवा, ते असंच होतं का? सगळं?"

मी म्हणाले, "मी लिहिलंच नव्हतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या पंपावर बघितलं होतं, तसंच. ह्याही वेळी त्याच्या आवाजात राग नव्हता.

"मी वाट बघायलो होतो ताई," तो म्हणाला. "रोज बघायलो होतो."

मागून कंटेनरवाल्यानं हॉर्न वाजवला. त्यानं पास पुन्हा खिडकीतून आत सरकवला. मी घड्याळात बघून त्याच्यावर वेळ टाकली आणि खाली सही केली.